शिकारीच्या रायफलीसाठी घरी काडतुसे भरणे : सुरुवात कशी करावी?

कृष्णाकाठ (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

नमस्कार मंडळी,

विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात नऊ दिवसांचा जो हरणांचा हंगाम असतो, त्यात गेली काही वर्षे मी .३०८ विंचेस्टर या जातीच्या काडतुसाची बोल्ट-अ‍ॅक्शन (हाताने मागेपुढे करायच्या खिळीची, म्हणजे बोल्टची) रायफल घेऊन जात आहे. शिकारी-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला आहे, ग्रीन कार्ड आहे, आणि हंगाम नसतानाही रेंजवर नियमित सराव चालू असतो. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या मी पहिल्यापासून जपून ठेवल्या आहेत आणि आता त्या पुन्हा भरून वापराव्यात असा विचार आहे.

शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी त्यांचा जुना सिंगल-स्टेज (एका वेळी एकच काम करणारा) प्रेस, .३०८ च्या डायचा, म्हणजे पुंगळीला माप देणाऱ्या साच्यांचा, संच आणि एक तराजू मला देऊ केला आहे. त्याबरोबर पावडरचा एक अर्धवट भरलेला डबाही आहे, ज्यावरचे मूळ लेबल निघून गेले असून झाकणावर हाताने केवळ ‘४८९५’ असे लिहिलेले आहे. या उद्योगात खरोखर पैसे वाचतात का, पहिल्या दिवशी नेमके काय लागते आणि यात धोका कितपत आहे, हे येथील अनुभवी सभासदांनी सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.

रानवाट (मिसूला, मोंटाना)

कृष्णाकाठ, प्रेस आणि डाय आनंदाने घ्या. प्रेस म्हणजे ओतीव लोखंडाचा एक तरफेचा सांगाडा आहे, तो चाळीस वर्षांचा असला तरी बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नसते. डाय मात्र आतून गंजलेले नाहीत ना, हे प्रकाशात धरून पाहा. त्या डब्यातली पावडर मात्र एक ग्रेनसुद्धा वापरू नका. ४८९५ या क्रमांकाची पावडर हॉजडन आणि आयएमआर या दोन्ही नावांनी मिळते आणि त्या दोन एकसारख्या नाहीत. शिवाय झाकण कधीकाळी दुसऱ्याच डब्यावरून आलेले असू शकते. ज्या पावडरची ओळख कारखान्याच्या लेबलवरून पटत नाही, ती पावडर नव्हेच, असे समजून स्थानिक अग्निशमन केंद्राला विचारून तिची विल्हेवाट लावावी.

पैशाचे आधी सांगतो, कारण बहुतेक जण त्याच आशेने येतात. काडतुसात चार घटक असतात : पितळी पुंगळी, प्रायमर (ठोका बसताच ठिणगी देणारी बुडातली टोपी), पावडर आणि गोळी. यांतली पुंगळी सर्वांत महाग असते आणि नेमकी तीच पुन्हा वापरता येते. एक पौंड म्हणजे ७,००० ग्रेन, आणि .३०८ ला एका काडतुसामागे निव्वळ हिशेबासाठी ४५ ग्रेन पावडर धरली, तर एका पौंडात सुमारे १५५ काडतुसे होतात. (हा आकडा भार, म्हणजे काडतुसात घालायच्या पावडरचे वजन, म्हणून कोणीही उचलू नये.) त्यात आपल्या दुकानातला प्रायमरचा आणि गोळीचा भाव मिळवून पाहा. चांगल्या प्रतीच्या शिकारी काडतुसांच्या तुलनेत बचत नक्कीच दिसेल. परंतु जो शिकारी वर्षाला वीस-वीसची दोन खोकी झाडतो, त्याची साधनांची किंमत वसूल व्हायला बरीच वर्षे जातील. जो पुष्कळ सराव करतो, तो वाचलेल्या पैशात आणखी सराव करतो, आणि बँकेतली शिल्लक होती तिथेच राहते. २०२० आणि २०२१ मध्ये तर प्रायमरच मिळेनासे झाले होते, तेव्हा घरी भरणाऱ्यांचे प्रेसही मोकळेच पडून होते.

माझ्या मते या उद्योगाचे खरे कारण वेगळे आहे. दुकानातले खोके दरवर्षी तेच मिळेल, याची शाश्वती नसते. लॉट (कारखान्यातली खेप) बदलला की नेम दोन इंच सरकलेला आढळतो. घरी भरणाऱ्याजवळ स्वतःच्या रायफलीला मानवणारे एकच काडतूस असते. त्याचा प्रत्येक घटक त्याला माहीत असतो आणि ते तो दहा वर्षांनीही तसेच पुन्हा बनवू शकतो. ही सगळी शिस्त वहीत असते. ज्याला वही ठेवण्याचा कंटाळा आहे, त्याने कारखान्याची काडतुसे विकत घेऊन सुखाने शिकार करावी. त्यात कोणताही कमीपणा नाही.

कायद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण येथे वाचणाऱ्यांत व्हिसावर असलेले पुष्कळ जण आहेत. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. ती विकण्याचा धंदा करायचा असेल तर लागतो. तथापि एच-१बी, एच-४, एफ-१ अशा स्थलांतरेतर व्हिसावरील व्यक्तीला बंदूक आणि दारूगोळा दोन्ही बाळगण्यास संघीय कायद्याची मनाई आहे. तिला काही अपवाद आहेत आणि त्यांतला नेहमीचा अपवाद म्हणजे कोणत्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकार-परवाना. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे केवळ भरलेले काडतूस नव्हे. सुटी पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर हे सगळे त्यात येते. त्यामुळे ‘माझ्याकडे बंदूक नाही, नुसते सामान आहे’ हा युक्तिवाद चालत नाही. राज्यांचे कायदे याहून कडक असू शकतात, म्हणून शंका असेल त्याने वकिलाला विचारावे.

तोलकाटा (डेटन, ओहायो)

रानवाट काकांनी वहीचा मुद्दा मांडला, त्याला मी तराजूची जोड देतो; मापनशास्त्र हा माझ्या नोकरीचाच विषय आहे.

एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, आणि आपण त्याच्या दहाव्या भागापर्यंत तोलू पाहतो. इतक्या बारीक वजनाला पंख्याची झुळूक, टेबलाचा हलका कल, शेजारचा मोबाइल फोन किंवा चालू झाल्यावर अजून तापायचा असलेला इलेक्ट्रॉनिक काटा, यांपैकी काहीही पुरेसे असते. शेजाऱ्यांनी दिलेला तराजू दांडीचा असेल, तर तो जुना म्हणून टाकून देऊ नका. त्याच्या टेकूची धार स्वच्छ असेल आणि दांडी एकाच जागी पुन्हा पुन्हा स्थिरावत असेल, तर तो स्वस्तातल्या डिजिटल काट्यापेक्षा अधिक विश्वासाचा ठरतो. मात्र तपासणीची प्रमाणित वजने अवश्य घ्या आणि ज्या वजनाचा भार तोलायचा आहे, त्याच्या आसपासच्या वजनानेच काटा तपासा. शून्यावर बरोबर असलेला काटा ४० ग्रेनवरही बरोबर असेलच असे नाही.

दुसरे साधन म्हणजे बारीक लांबी मोजणारा कॅलिपर. .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच असून ती कापायची झाल्यास २.००५ इंचांवर आणतात, आणि भरलेल्या काडतुसाची प्रमाणित कमाल लांबी २.८१० इंच आहे. हे आकडे साम्मी या अमेरिकी उद्योगसंस्थेने ठरवलेल्या प्रमाणांतले आहेत. त्याच प्रमाणांनुसार या काडतुसाचा कमाल सरासरी दाब ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे. मोटारीच्या टायरात आपण पस्तीसच्या आसपास भरतो, यावरून चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर काय चालले आहे याची कल्पना यावी.

भार कोठून घ्यावा, याचे उत्तर एकच आहे : गोळी किंवा पावडर बनवणाऱ्या कंपनीने छापलेल्या, अलीकडच्या आवृत्तीच्या तक्त्यातून. माझी सर्वांना विनंती आहे की या धाग्यावर कोणीही ‘मला अमुक ग्रेन चालते’ असे लिहू नये. दुसऱ्याच्या रायफलीतला सुरक्षित भार आपल्या रायफलीत सुरक्षित असेलच असे नाही, आणि टंकताना एक आकडा इकडचा तिकडे झाला तर तो वाचणाऱ्याला कळत नाही.

कृष्णाकाठ

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. त्या डब्याविषयी मी आजच अग्निशमन केंद्राला फोन करतो. आता प्रत्यक्ष कृतीविषयी विचारतो : एक पुंगळी हातात घेतल्यापासून काडतूस तयार होईपर्यंत काय काय करायचे, आणि नवशिक्याचा हात नेमका कुठे चुकतो?

रानवाट

पुंगळी प्रथम नीट पाहावी. तोंडाला चीर, मानेवर खोलगट पोचा, किंवा बुडापासून थोडे वर चमकदार रेघेचे कडे दिसले, तर ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाकावी. ते चमकदार कडे विशेष महत्त्वाचे आहे, कारण पुंगळी वारंवार ताणली गेल्याने आतून तेथे भिंत पातळ होते आणि एखाद्या बाराला बूड वेगळे होऊन वायू मागे येऊ शकतो. कागद धरायची तारेची क्लिप सरळ करून तिचे टोक किंचित वाकवावे आणि पुंगळीत घालून भिंतीवरून हळूच ओढावे. आत खाच पडली असेल तर टोक तिथे अडकलेले बोटाला स्पष्ट जाणवते. ही युक्ती फुकटातली आहे आणि महागड्या उपकरणांच्या तोडीची आहे.

त्यानंतर पुंगळीला वंगण लावून ती डायमधून काढायची. झाडताना पुंगळी फुगून चेंबरच्या (नळीच्या मागे काडतूस बसते त्या जागेच्या) आकाराची होते. डाय तिला मूळ मापावर आणतो आणि त्याच वेळी आतली सळई जुना प्रायमर ढकलून बाहेर काढते. वंगण न लावता पुंगळी डायमध्ये घातली तर ती अशी रुतते की प्रेसने ती परत बाहेर ओढताना बुडाची कड फाटते आणि पुंगळी आतच राहते. उलट खांद्यावर (पुंगळी मानेकडे निमुळती होते त्या उतारावर) वंगण जास्त झाले, तर ते दबून पितळेवर चंद्रकोरीसारखे पोचे उमटतात. बोटाच्या पेराला जाणवेल न जाणवेल इतका पातळ थर पुरतो, आणि मानेच्या आतल्या बाजूलाही त्याचा किंचित स्पर्श हवा.

मग वंगण पुसावे, लांबी मोजावी, जास्त असल्यास कापावी आणि तोंडाची कड आतून-बाहेरून साफ करावी. प्रायमर बसवण्याचे काम मी हातातल्या छोट्या साधनाने करतो, कारण त्यात तो बसल्याची जाणीव बोटांना होते. प्रायमर पुंगळीच्या बुडाशी समपातळीत किंवा त्याहून किंचित खोल असावा, आणि ते डोळ्यांनी न ठरवता त्यावरून बोट फिरवून ठरवावे. बोटाला उंचवटा लागला, तर ती पुंगळी तशीच पुढे जाऊ देऊ नये.

पावडर ही पायरी अशी आहे की तिथे गप्पा, रेडिओ आणि मुले, तिन्ही खोलीबाहेर हवीत. टेबलावर एका वेळी एकच डबा असावा, आणि काम संपताच उरलेली पावडर त्याच डब्यात परत जावी. तोललेली पावडर नरसाळ्याने पुंगळीत ओतावी, सगळ्या पुंगळ्या भोकांच्या ठोकळ्यात उभ्या कराव्यात आणि गोळी बसवण्यापूर्वी टॉर्चच्या उजेडात प्रत्येकीत वाकून पाहावे. .३०८ मध्ये वापरल्या जाणाऱ्या बहुतेक रायफल-पावडरी पुंगळी जवळजवळ भरून टाकतात, त्यामुळे चुकून दुसऱ्यांदा ओतली तर ती बाहेर सांडते. पिस्तुलाच्या काडतुसाला हे संरक्षण नसते. म्हणून नवशिक्याने रायफलीपासून सुरुवात करावी, या मताचा मी आहे. रिकामी राहिलेली पुंगळी मात्र सांडून काही सांगत नाही. तिच्यातली गोळी केवळ प्रायमरच्या जोरावर नळीत शिरून अडकू शकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटते. तेव्हा रेंजवर आवाज कमी वाटला, की तिथेच थांबून बोल्ट काढावा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे.

शेवटी गोळी ठरलेल्या लांबीवर बसवायची आणि खोक्यावर लेबल लावायचे : तारीख, पुंगळीचा मेक व ती कितव्यांदा भरली, प्रायमर, पावडर व तिचा लॉट, भार, गोळी, एकूण लांबी.

पहिला भार तक्त्यातला कमाल भार कधीही नसावा. तक्त्यात दिलेल्या आरंभीच्या भारापासून, म्हणजे साधारण १० टक्के खालून, थोडे थोडे वर जावे. पण म्हणून त्याच्याही खाली जाऊ नये. सावकाश जळणारी पावडर मोठ्या पुंगळीत फारच थोडी घातली, तर दाब अनपेक्षित वागू शकतो. ‘कमी म्हणजे सुरक्षित’ हे येथे सरसकट खरे नाही.

कातळसडा (देवगड, सिंधुदुर्ग)

मी शिकारी नाही, परंतु आमच्या घरी आजोबांच्या काळची ठासणीची बंदूक पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आहे, म्हणून हा धागा मन लावून वाचत आहे. आमच्याकडे दारू मापाने ओततात, वर कापड किंवा काथ्या ठासून छरे घालतात आणि मागे केप (ठिणगी देणारी टोपी) लावतात. हे तंत्र तेच आहे, केवळ पितळी पुंगळीत बंद केलेले, असे म्हणता येईल काय? आणि इकडे कोणी काडतुसे भरायची म्हटली तर चालेल काय?

रानवाट

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बंदी आहे, आणि शेताची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारख्या जनावराबाबतही वनखात्याची परवानगी लागते. म्हणून या धाग्यातले काहीही तिकडे करून पाहू नये.

पहिल्या प्रश्नात तुम्ही नकळत सर्वांत धोकादायक गैरसमजावर बोट ठेवले आहे. ठासणीची दारू म्हणजे काळी दारू : सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. रायफलीच्या काडतुसातली बिनधुराची पावडर नायट्रोसेल्युलोजची असते, आणि ती बंदिस्त जागेत जितकी दाबली जाईल तितकी अधिक वेगाने जळते. काळ्या दारूचे माप घेऊन तेवढीच बिनधुराची पावडर ठासणीच्या बंदुकीत घातली, तर नळी फुटण्याचाच संभव अधिक. अमेरिकेतही दरवर्षी हंगामाआधी ठासणीच्या बंदुका विकणारे दुकानदार गिऱ्हाइकाला हे पुन्हा पुन्हा बजावतात. आजोबांच्या पद्धतीत आणि या पद्धतीत साम्य एवढेच, की दोन्हींत ज्याने भरले त्यालाच परिणाम भोगावा लागतो.

नेकारकाठ (स्टुटगार्ट, जर्मनी)

अमेरिकेतील मोकळीक वाचून मला हेवा वाटतो आणि थोडी भीतीही वाटते. येथे शिकारीची परीक्षा उत्तीर्ण होऊन शिकार-परवाना मिळाला, तरी काडतुसे भरता येत नाहीत. स्फोटकांच्या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाखाली वेगळी परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी प्रथम प्रशासनाकडून निर्वेधतेचे प्रमाणपत्र मिळवायचे, मग मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करून लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची, गरज सिद्ध करायची आणि त्यानंतर ठरावीक मुदतीची परवानगी हातात पडते. प्रायमर मात्र त्या मानाने सहज मिळतात. कायद्याचा मुख्य रोख पावडरवर आहे.

ही सगळी कटकट वाटते खरी, पण अभ्यासक्रमात आमच्या शिक्षकांनी फुटलेल्या रायफलींचे जे तुकडे हातात दिले, ते पाहिल्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. कृष्णाकाठ, तुमच्याकडे सक्ती नसली, तरी एखाद्या अनुभवी माणसाच्या टेबलाशी बसून पहिली खेप भरा. शेजारचे गृहस्थ त्यासाठी योग्य वाटतात. त्यांचा प्रेस घेताना त्यांचे दोन-चार शनिवारही मागून घ्या.

कृष्णाकाठ

नेकारकाठ, आपली सूचना मानली; शेजारी आनंदाने तयार झाले. आम्ही पुंगळ्या डायमधून काढून पाहिल्या आणि एक गोष्ट आढळली. पावडर-प्रायमर काहीही नसलेली, नुसती माप दिलेली पुंगळी रायफलीत घातली, तर काही पुंगळ्यांवर बोल्ट अलगद बंद होतो आणि काहींवर शेवटच्या टप्प्यात जोर लावावा लागतो. सर्व पुंगळ्या माझ्याच रायफलीत झाडलेल्या आहेत. लांबी सर्वांची २.०१५ इंचांच्या आत आहे. शेजारी म्हणतात की डाय आणखी थोडा खाली फिरवावा. किती, ते मात्र त्यांना अंदाजानेच सांगता येते.

तोलकाटा

शेजाऱ्यांचे निदान बरोबर दिसते. लांबी ठीक असूनही बोल्ट जड जातो, तेव्हा पुंगळीचा खांदा पुरेसा मागे गेलेला नसतो. पितळ जितके वेळा झाडले जाते तितके ते कडक होऊन परत उसळते, म्हणून एकाच डायमधून निघालेल्या पुंगळ्यांचे खांदे वेगवेगळ्या जागी येतात. तुमच्या पुंगळ्या एकदाच झाडलेल्या असल्या, तरी त्या वेगवेगळ्या मेकच्या असाव्यात, आणि प्रत्येक मेकचे पितळ सारखेच कडक नसते. त्या आधी वेगळ्या करा.

नंतर कॅलिपरला लावायचे खांदा मोजण्याचे उपसाधन घ्या, झाडलेल्या पण माप न दिलेल्या पुंगळीचा खांदा मोजा आणि डाय अगदी थोडा थोडा खाली फिरवत खांदा त्यापेक्षा ०.००२ इंच मागे येईल, तिथे डायची चकती आवळा. नवे पुस्तक वाचून ‘डाय शेल होल्डरला (पुंगळीचे बूड धरणाऱ्या प्रेसच्या तुकड्याला) टेकवून आणखी पाव फेरा द्या’ असे केलेत, तर बोल्ट मजेत बंद होईल, पण खांदा प्रमाणाबाहेर मागे जाईल, प्रत्येक बाराला पुंगळी ताणली जाईल आणि रानवाट काकांनी सांगितलेले ते चमकदार कडे चार-पाच खेपांत दिसू लागेल. फक्त मान घट्ट करणाऱ्या डायचा सल्ला कोणी दिला, तर शिकारीच्या रायफलीसाठी तो मानू नये. नोव्हेंबरच्या थंडीत, हातमोजे घालून, दुसऱ्या बारासाठी बोल्ट विनासायास बंद झालाच पाहिजे.

आणखी एक पाहा. तुमच्या पुंगळ्यांत सैनिकी ७.६२ नाटोच्या पुंगळ्या आहेत काय? त्यांच्या भिंती बहुधा जाड असतात, त्यामुळे आतली जागा कमी होते आणि त्याच भाराला दाब वाढतो. त्यांच्या प्रायमरच्या खाचेभोवतीचे कडेही दाबलेले असते. ते कापल्याखेरीज नवा प्रायमर नीट बसत नाही. सुरुवातीला एकाच मेकच्या पुंगळ्या वापरणे सर्वांत बरे.

रानवाट

बोल्टचा विषय निघालाच आहे, तर झाडल्यानंतर काय पाहायचे तेही सांगतो. बार झाल्यावर बोल्ट उचलताना जड गेला, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरच्या (झाडलेली पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) भोकाचा चकचकीत ठसा उमटला, किंवा पुढच्या वेळी प्रायमर खाचेत सैल बसू लागला, तर दाब मर्यादेपलीकडे गेला आहे. त्या भाराची उरलेली काडतुसे झाडू नयेत, हातोडीसारख्या ठोक्याने गोळ्या उपसण्याचे जे साधन मिळते त्याने ती सुटी करावीत. प्रायमर चपटा होणे ही खूण मात्र फसवी आहे. काही मेकचे प्रायमर साध्या भारालाही चपटे होतात, आणि काही अतिदाबालाही गोल राहतात. शिवाय या सर्व खुणा उशिरा दिसतात. म्हणून गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ घ्यावा. तक्त्यात दिलेल्या कमाल वेगाच्या जवळ तुमची गोळी पोहोचली, तर भार कमाल आकड्याच्या खाली असला तरी तुम्ही त्या रायफलीच्या कमाल दाबाजवळच आहात, असे समजून थांबावे. फुकटचा वेग मिळत नाही.

अचूकतेच्या नादी किती लागावे, याविषयी माझे मत अनेकांना पटणार नाही. तीन गोळ्यांचा एक सुरेख गट कागदावर दिसला, की लोक तो पाकिटात घालून फिरतात; तीन गोळ्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. हरणाच्या छातीतील मर्माची जागा साधारण आठ इंचांची असते. शंभर यार्डांवर दीड इंचात सातत्याने बसणारा भार शिकारीला भरपूर झाला. तिथून पुढे पाव इंचासाठी पावडर जाळण्यापेक्षा गुडघ्यावर बसून आणि उभ्याने नेम धरण्याचा सराव करावा.

माळढोक (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

मी पक्षी पाहणारी आहे, शिकारी नाही. तरीही एक प्रश्न विचारते. आमच्या राज्यात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्यजीवाच्या शिकारीसाठी शिशाचा दारूगोळा चालत नाही, आणि त्यामागे कंडोर गिधाडांच्या शिसेविषबाधेचे मोठे कारण आहे. शिकारी जे आतडे-कोथळे जंगलात सोडून जातो, त्यात शिशाचे बारीक कण राहतात आणि ते गिधाडे खातात. घरी काडतुसे भरणाऱ्याला तर गोळी निवडण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आहे. मग विस्कॉन्सिनमध्ये सक्ती नसली, तरी तांब्याची गोळी का वापरू नये?

रानवाट

माळढोक ताई, वापरावी, आणि मी गेली अनेक वर्षे वापरतो. हरणाचे मांस आपल्याच घरातली मुले खातात, तेव्हा कारण केवळ गिधाडांपुरते राहत नाही.

गोळीची निवड हा या उद्योगातला सर्वांत रंजक भाग आहे. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूस या थोराड हरणाच्या शिकारीत जॉन नॉसलर यांच्या गोळ्या जनावराच्या अंगात खोल न जाता वरच्यावर फुटल्या. त्यातून त्यांनी मधोमध तांब्याचा पडदा असलेली पार्टिशन गोळी तयार केली : पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून आत जातो. निव्वळ तांब्याच्या गोळ्या आल्या त्या याच गरजेतून. त्यांचे वजन शेवटपर्यंत जवळजवळ पूर्ण राहते.

भरणाऱ्याने मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत अधिक खोल बसते आणि पावडरची जागा खाते. म्हणून शिशाच्या १५० ग्रेनच्या गोळीचा भार तांब्याच्या १५० ग्रेनच्या गोळीला कधीही लावू नये. तिचा स्वतंत्र तक्ता पाहावा. दुसरे म्हणजे ती फुलायला पुरेसा वेग लागतो, म्हणून .३०८ मध्ये थोडी हलकी गोळी घेऊन अंतर आटोक्यात ठेवावे. आणि कागदावर अप्रतिम गट देणारी स्पर्धेची गोळी हरणावर वापरू नये. ती त्या कामासाठी केलेली नसते. कधी फुटते, कधी आरपार सुईसारखी जाते, आणि जखमी जनावर रात्रभर शोधावे लागते.

शिशाचा विषय निघाला, म्हणून सांगतो : शिसे गोळीतच असते असे नाही. प्रायमरच्या मिश्रणातही शिशाचे संयुग असते आणि पुंगळ्या अक्रोडाच्या भुग्यात घोळून साफ करताना तीच धूळ हवेत उडते. तो भुगा घराबाहेर चाळावा किंवा पाण्यात धुण्याची पद्धत वापरावी. टेबलाशी खाणेपिणे नको, आणि उठल्यावर हात साबणाने धुवावेत. घरात लहान मूल असेल, तर हे काम स्वयंपाकघराच्या टेबलावर करूच नये.

कृष्णाकाठ

आमच्या घरी चार वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे तळघरात कुलपाची खोली करत आहे. शेवटचे दोन प्रश्न : पावडर आणि प्रायमर कसे ठेवावेत, आणि पुढच्या वर्षी मित्राकडे मोंटानात विमानाने जायचे झाल्यास घरी भरलेली काडतुसे नेता येतील काय?

तोलकाटा

पावडर नेहमी मूळ डब्यातच ठेवावी. तो डबा मुद्दाम असा केलेला असतो की आग लागल्यास तो लवकर उघडून दाब मोकळा होतो. हवाबंद लोखंडी पेटीत पावडर ठेवणे म्हणजे आपणच तिला पुंगळी करून देणे. लाकडी कपाट उत्तम, हीटर आणि ओल यांपासून दूर. अमेरिकेतील अग्निसुरक्षा-संहितेनुसार राहत्या घरात मूळ डब्यांतून २० पौंडांपर्यंत बिनधुराची पावडर आणि १०,००० पर्यंत प्रायमर ठेवण्याची मर्यादा सर्वसाधारणपणे सांगितली जाते. गावाचा किंवा घरमालकाचा नियम याहून कडक असू शकतो. प्रायमर पावडरपासून वेगळ्या कपाटात आणि त्यांच्या मूळ कप्प्यांच्या खोक्यातच असावेत. ते बरणीत ओतून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. एक प्रायमर उडाला की शेजारचे सगळे त्याच क्षणी उडतात, ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच येत नाही.

रानवाट

विमानाचे सांगतो. सुटी पावडर आणि सुटे प्रायमर विमानात कोणत्याही सामानातून नेता येत नाहीत. भरलेली काडतुसे हातातल्या सामानात चालत नाहीत, चेक-इन सामानात चालतात, आणि ती पुठ्ठ्याच्या, लाकडाच्या, प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या, काडतुसांसाठीच केलेल्या खोक्यात असावी लागतात. बहुतेक विमान कंपन्या माणशी ५ किलो, म्हणजे ११ पौंडांची मर्यादा घालतात. काही कंपन्या कारखान्याच्या मूळ खोक्याचाच आग्रह धरतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी त्यांच्याकडून लेखी उत्तर मागवून ते छापून जवळ ठेवावे, कारण खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला नियम ठाऊक असेलच असे नाही. रायफल कडक पेटीत, रिकामी आणि कुलूपबंद, काउंटरवर सांगून द्यायची. निघण्याआधी खोक्यातले प्रत्येक काडतूस रायफलीत घालून बोल्ट बंद होतो का ते पाहा, पण हे रेंजवर, नळी मातीच्या बांधाकडे धरून करा, घरात कधीही नाही. आणि इकडे पोहोचल्यावर आधी रेंजवर या. विस्कॉन्सिनच्या मानाने इथली उंची अधिक आहे, नेम किती वर बसतो ते कागदावर पाहून मगच डोंगरात जाऊ.